वर्गातला छायाप्रकाश

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांसाठी तयारी करून घेतलेली वस्तुचित्रे पाहावीत. बहुतेक मडक्यांवर उजेड डावीकडूनच येतो. डाव्या अंगाला पांढरा ठिपका, उजवी कड काळी, बुडाशी लंबगोल सावली. टेबलाच्या या बाजूला बसलेले मूल आणि त्या बाजूला बसलेले मूल, दोघांची सावली एकाच दिशेला कशी पडेल? तपासणाऱ्याने खरे तर इथेच गुण कापायला हवेत. पण दहावीच्या वाढीव गुणांसाठी या परीक्षांना गर्दी होऊ लागल्यापासून शिकवण्या सावली पाठ करून घेतात, आणि पाठ केलेली सावली खपूनही जाते.

आपली परंपरा याहून फार मोठी आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि वस्तू समोर ठेवून रेखाटायची शिस्त तिथूनच महाराष्ट्रात रुजली. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर याच शाळेत घडले. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ मुलांना जरूर दाखवावे. स्त्रीने ज्योतीवर हात आडवा धरला आहे, उजेड बोटांना लाल करून पुढे चेहऱ्यावर चढतो, आणि हे सगळे जलरंगात. उजेड कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे या चित्रात बोट ठेवून सांगता येते.

साधारण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ दिसावेसे वाटू लागते. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ च्या आपल्या पुस्तकात वास्तवाच्या या ओढीची अवस्था नीट मांडली आहे. नेमक्या या वयात आपण मुलांना वाऱ्यावर सोडतो. ‘मनाला येईल ते काढ’ म्हणणाऱ्या शाळा त्यांच्या अडचणीला उत्तर देत नाहीत, आणि क्लासवाले मोबाइलवरच्या फोटोवर चौकटी आखून नक्कल करवतात. फोटोत सावलीतले बारकावे बरेचदा काळ्यात बुडालेले असतात. त्यावरून शिकलेले मूल डोळा किंवा ओठ हुबेहूब काढते, पण समोरचा पेला काढायला सांगितला की अडते.

चांगला धडा फार साधा असतो. छतावरच्या ट्यूबलाइट बंद कराव्यात, कारण चारी बाजूंच्या उजेडात आकार सपाट होतो. एकच दिवा बाजूला ठेवावा आणि पांढऱ्या कागदावर एक अंडे. मुलांना डोळे किलकिले करून पाहायला सांगावे, म्हणजे बारकावे मिटून उजेडाचे आणि अंधाराचे मोठे भाग उरतात. मग विचारावे, सर्वांत गडद पट्टा कुठे आहे? जवळजवळ प्रत्येक मूल अंड्याच्या कडेकडे बोट दाखवते. नीट पाहिले की तो पट्टा कडेच्या थोडा आत सापडतो, कारण खालचा कागद उजेड परत फेकतो आणि कड किंचित उजळते. कागदाच्या जागी लाल कापड ठेवले तर अंड्याची खालची बाजू तांबूस होते. आणि कापडावर पडलेली सावली अंड्याला टेकते तिथे गडद व रेखीव असते, दूर जाताना फिकी आणि धूसर होत जाते. एवढे दिसले की पेन्सिल आपोआप हलकी-जड होऊ लागते. बोटाने शिसे घासायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी. तिने सगळ्या छटांचा एकच राखाडी लगदा होतो. तिरप्या रेघांचे थर मुलाला प्रत्येक छटेचा निर्णय घ्यायला लावतात.

यासाठी खर्च जवळजवळ नाही, शिक्षक मात्र हवा, आणि घोडे तिथेच अडले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा शिक्षक अंशकालीन आहे, तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. वाडीवस्तीच्या शाळांनी त्याची वाट पाहत बसू नये. सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘प्रकाश व छायानिर्मिती’ हा पाठ आहे. त्या तासाला बॅटरी आणि पडदा बाहेर निघतातच. विज्ञानाच्या बाईंनी त्याच तासात चित्रकलेच्या वह्या काढायला लावाव्यात आणि बॅटरीसमोर एखादा बटाटा ठेवून मुलांना तो आधी नुसत्या छटांनी, बाहेरची रेघ न ओढता, काढू द्यावा.