मनःप्रतिमांचे 'वाचन' : एका संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना
मनात उमटणारे चित्र ज्याचे त्यालाच दिसते, या समजुतीला मेंदूचे प्रतिमांकन व मशीन लर्निंग यांच्या संयोगाने आव्हान दिले आहे. 'यंत्र स्वप्न वाचते' असे त्यामुळे म्हटले जाते. या विधानातील 'वाचणे' या क्रियापदाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रयोगाचे स्वरूप
क्योतो येथील एटीआर संस्थेतील होरिकावा, कामितानी व सहकारी यांचा प्रयोग २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन व्यक्तींना एफएमआरआय यंत्रात झोपू देऊन, झोप लागताच वारंवार जागे करून काय दिसत होते ते विचारण्यात आले. त्यांच्या निवेदनांतील वस्तूंचे सुमारे वीस गट करण्यात आले. त्या वस्तूंची छायाचित्रे जागेपणी पाहताना आढळणारी मेंदूची सक्रियता संगणकीय प्रारूपास शिकविण्यात आली व त्याआधारे स्वप्नातील वस्तूंचे अनुमान काढण्यात आले. दोन गटांतून योग्य गट निवडण्यात सुमारे ६० टक्के यश मिळाले. निव्वळ योगायोगाने ते ५० टक्के मिळते.

चिकित्सा
पाहणे व स्वप्नात दिसणे यांतील मेंदूप्रक्रिया अंशतः समान आहेत, हे यातून सूचित होते. या प्रयोगाचे महत्त्व त्यातच आहे. परंतु त्याच्या दोन मर्यादा मूलभूत आहेत. पहिली, अनुमानाची कसोटी जागे झाल्यानंतरचे निवेदन हीच आहे. म्हणजे स्मृती व भाषा यांच्या गाळणीतून आलेले स्वप्न. दुसरी, यंत्राची शब्दसंपदा आधीच निश्चित आहे. तिच्याबाहेरचे दृश्य त्याला सांगताच येत नाही.

२०२३ मध्ये ताकागी व निशिमोतो यांनी 'स्टेबल डिफ्यूजन'च्या साहाय्याने, पाहिलेल्या छायाचित्रांची रेखीव पुनर्रचना केली. मात्र या रेखीवपणात मेंदूचा वाटा किती व यंत्राच्या पूर्वशिक्षणाचा किती? चाचणीची चित्रे शिकविलेल्या चित्रांशी मिळतीजुळती असल्याने असे यश फसवे ठरू शकते, असा आक्षेप २०२४ मध्ये कामितानी यांच्याच गटाने घेतला.

निष्कर्ष
भारतात हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. पुण्यातील सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूची विद्युत्-चाचणी ग्राह्य धरली होती. पुढे सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्या करण्यास मज्जाव केला. उद्या यंत्राचे अनुमान 'वाचन' म्हणून न्यायालयात आले, तर यंत्राचे शब्द आरोपीच्या तोंडी घातले जातील. म्हणून त्यास 'संभाव्यतेवर आधारलेले अनुमान' म्हणणेच उचित ठरते.