पारंपरिक चिनी वैद्यक व आधुनिक उपचार : समन्वयाच्या मर्यादा

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या समर्थनार्थ थू योयो यांना २०१५ साली मिळालेल्या नोबेल पुरस्काराचा दाखला दिला जातो. तथापि तो अपुरा आहे. गे होंग यांच्या चौथ्या शतकातील ग्रंथाने दिशा दाखविली. परंतु हिवतापावरील आर्टेमिसिनिन सिद्ध झाले ते प्रयोगशाळेतील संशोधनातून व रुग्णांवरील चाचण्यांतून. याउलट, १९९० च्या दशकारंभी ब्रुसेल्स येथे वजन घटविण्याच्या औषधांत अन्य वनस्पतीऐवजी परंपरेत रूढ असलेली अॅरिस्टोलोकिया आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. वॉरफरिनसोबत दानशेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सारांश, प्राचीनत्व हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. पूरक औषधाची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना देणे, ही समन्वयाची पहिली अट होय.