मतनासमध्ये ‘शी लव्हज मी’

आमच्या गावच्या मतनासमध्ये हौशी मंडळींनी केलेला ‘शी लव्हज मी’ या इंग्रजी संगीतिकेचा प्रयोग पाहण्याचा योग नुकताच आला. १९६३ साली ब्रॉडवेवर आलेल्या या संगीतिकेचे संगीत जेरी बॉक यांचे व गीते शेल्डन हार्निक यांची. पुढच्याच वर्षी याच जोडीने ‘फिडलर ऑन द रूफ’ दिले. मूळ नाटक बुडापेस्टचे ज्यू नाटककार मिक्लोश लास्लो यांचे.

कथा एवढीशीच. अत्तराच्या दुकानातले गेऑर्ग आणि अमालिया दिवसभर भांडतात आणि निनावी पत्रांतून एकमेकांवर जीव टाकतात. ‘संशयकल्लोळ’वर वाढलेल्या आम्हां मंडळींना गैरसमजाची गंमत काही नवी नाही. तिथे संशयाने माणसे दुरावतात. इथे भांडता भांडता जवळ येतात.

साथीला पियानो आणि एक व्हायोलिन. एवढ्याशा सभागृहात हे पुरेसे होते, मग प्रत्येकाच्या गालाला मायक्रोफोन कशाला? कॅफेत फूल आणि पुस्तक घेऊन वाट पाहणारी अमालिया मात्र सुरेख वठली. आजारी अमालियाला गेऑर्ग व्हॅनिला आइस्क्रीम घेऊन भेटायला येतो, तोही प्रवेश रंगला. तो खाटेवर न बसता खुर्ची ओढून बसला, हे आम्हांला विशेष आवडले.

आमची तक्रार इस्पितळाच्या प्रवेशाविषयी आहे. दुकानाचे मालक माराचेक बायकोच्या प्रतारणेने खचून स्वतःवर गोळी झाडून घेतात. दिग्दर्शकाने त्यांना बँडेज गुंडाळून तोंडे वेडीवाकडी करायला लावली, आणि परिचारिकेला उगाच ठुमकत फिरवले. लोक हसले. परिचारिकेच्या पेशाचा अपमान झाला म्हणून आम्ही रागावलो असे कोणी म्हणेल, आणि ते थोडे खरेही आहे. पण जीव द्यायला निघालेली माणसे आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. शुद्धीवर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि पावले वाजली की हळूच दाराकडे बघतात. गेऑर्गवर भलताच संशय घेऊन त्याची नोकरी घालवणारा हा म्हातारा इथे त्याची क्षमा मागतो. ते हशात बुडाले, तर उरते फक्त दोन तरुणांचे लाडिक भांडण.

याच खाटेपाशी आर्पाद हा पोऱ्या विक्रेत्याची जागा मागत गातो. ती भूमिका करणारा शाळकरी मुलगा इतका सरळ गायला की माराचेकही तोंडे करायचे विसरले. अजून दोन प्रयोग व्हायचे आहेत. तेवढी ती परिचारिकेची धावपळ काढून टाकावी.