‘सोयरे’ : एका शब्दाचा अर्थनिर्णय

तुकारामांनी वृक्षवल्लींना सोयरे म्हटले, त्यावरून मानव व निसर्ग यांच्या अद्वैताचा सिद्धान्त काढण्याचा प्रघात आहे. शब्दार्थ पाहता हा निष्कर्ष घाईचा ठरतो. ‘सगेसोयरे’ या जोडशब्दात सगा रक्ताचा, सोयरा मुख्यतः विवाहसंबंधाने जोडलेला. सोयरीक जुळवावी लागते व ती भिन्न कुळांतच जुळते. भेद गृहीत धरून पत्करलेले असे हे नाते होय. (जुन्या मराठीत हा शब्द ‘आप्त’ या व्यापक अर्थानेही येतो, एकरूपता त्यातूनही निघत नाही.) वृक्षारोपणाच्या फलकांवर अभंगाचा आरंभ तेवढा झळकतो. पुढे आकाश मंडप होते, पृथ्वी आसन होते, हरिकथा भोजन होते. आणि अखेरचा संवाद चालतो तो स्वतःच्याच मनाशी. सोयऱ्यांनी त्यात उत्तर द्यावयाचे नाही.