‘स्पर्श’ : कॉफीच्या पेल्यातला प्रश्न

अंध व्यक्तिरेखा आली की आपले साहित्य बहुधा दोन वाटा धरते. एक धृतराष्ट्राची, जेथे दृष्टीचा अभाव हाच विवेकाचा अभाव ठरतो. दुसरी निव्वळ करुणेची. आपली भाषाही ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ म्हणून मोकळी होते. या पार्श्वभूमीवर सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) हा हिंदी चित्रपट आम्हांस आजही वेगळा वाटतो. त्याच्या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथार्थच होय.

अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) आणि तेथे मुलांसाठी येऊ लागलेली विधवा कविता (शबाना आझमी) यांची ही कथा. कविता कॉफीसाठी मदतीचा हात पुढे करते आणि अनिरुद्ध संतापतो. प्रसंग पेलाभर कॉफीचा. परंतु मदत कोठे संपते आणि दया कोठे सुरू होते, हा साऱ्या चित्रपटाचा प्रश्न त्यात सामावला आहे. विवाह ठरल्यावर तोच प्रश्न उग्र होतो. हे प्रेम की त्याग, या शंकेने अनिरुद्ध पोखरला जातो. त्याचा स्वाभिमान कोठे अहंकार होतो, हेही लेखिका लपवीत नाहीत. अंध नायकास त्यांनी चुका करू दिल्या, म्हणूनच तो आदर्शाचा पुतळा न होता माणूस राहिला.

एक उणीव मात्र जाणवते. कथा बव्हंशी शाळेच्या आवारात आणि दोन मनांत फिरते. रस्ता, कचेरी, वाचनालय येथे समाजाने उभ्या केलेल्या अडचणी तिच्यात फारशा येत नाहीत. त्या दूर करणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असे १९९५ चा कायदा सांगत होता आणि २०१६ चा कायदा सांगतो.

कायदे आम्ही नोकरीत वाचले होते, तरीही चुकलो. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांची दृष्टी काचबिंदूने गेली, तेव्हा ‘उगाच त्रास नको’ म्हणून निबंधस्पर्धेच्या परीक्षकांतून आम्ही त्यांचे नाव परस्पर वगळले. “वाचून दाखवायला कोणी हवे का, एवढे तरी विचारायचे होते,” ते म्हणाले. आम्हांस उत्तर सुचले नाही. ‘स्पर्श’ पुन्हा पाहताना कॉफीचा प्रसंग आला आणि आमची चूक आम्हांस उमगली.

यंदा निबंध त्यांना वाचून दाखविले जात आहेत. गुण देताना त्यांचा हात पूर्वीइतकाच आखडता आहे.