चित्राची जागा

मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना आपल्याकडे चित्रांची वासलात बहुधा एका वाक्यात लावली जाते. कथेचा आशय, भाषा, संस्कार यांवर दोन-तीन स्तंभ खर्ची पडतात आणि शेवटी ‘चित्रेही सुबक आहेत’ असे म्हणून परीक्षक लेखणी खाली ठेवतो. चित्रे सुबक आहेत की नाहीत हा प्रश्न आमच्या मते दुय्यम होय. ती पुस्तकात कोठे बसविली आहेत, आणि तेथेच का बसविली आहेत, हा पहिला प्रश्न. उत्तम चित्रही भलत्या पानावर पडले की ते कथेच्या साह्यास येत नाहीच, उलट तिचे रहस्य दोन पाने आधी फोडून मोकळे होते. मुले गोष्ट ऐकण्यापूर्वी चित्रे पाहून घेतात, हे मुलाबाळांच्या घरात कोणाला सांगावयास नको.

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर लुइस कॅरल याच्या ‘ॲलिस’च्या दोन पुस्तकांइतके बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही. पहिले, म्हणजे अद्भुतनगरीतील प्रवासाचे पुस्तक १८६५ साली निघाले. आरशापलीकडील जगाचे दुसरे १८७१ च्या अखेरीस. दोहोंची चित्रे ‘पंच’ साप्ताहिकातील व्यंगचित्रकार जॉन टेनिअल याने काढली: पहिल्यात बेचाळीस, दुसऱ्यात पन्नास. कॅरलच्या कल्पकतेविषयी आणि टेनिअलच्या रेषेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या दोघांनी मिळून जे पान सिद्ध केले, त्याकडे वाचकांचे लक्ष त्या मानाने फार थोडे जाते.

छापील पुस्तकापूर्वी एक हस्तलिखित होते. कॅरलने ते स्वहस्ते लिहिले, त्यात सदतीस चित्रे स्वतःच काढली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये ज्या मुलीसाठी गोष्ट रचली होती तिला भेट दिले. ही चित्रे हौशी हाताची आहेत; माणसांचे अवयव कोठे जुळतात तर कोठे जुळत नाहीत. पण सशाच्या घरात ॲलिस एकाएकी वाढते आणि तिला हलावयासही जागा उरत नाही, त्या ठिकाणचे चित्र पाहावे. कॅरलने तेथे खोली काढलीच नाही. चित्राची चौकट हीच खोली, आणि तिच्या चारी कडांना टेकून मुडपलेली ती मुलगी. पुढे टेनिअलनेही ही युक्ती टाकली नाही. हात कच्चा असूनही पानाचे मर्म लेखकाला उमगले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

छापील पुस्तकात हे मर्म पुरतेपणी उतरले. तेथील हसऱ्या मांजराचे उदाहरण घेऊ. मांजर फांदीवर बसलेले आहे, खाली ॲलिस मान वर करून त्याच्याशी बोलत आहे. चित्र काटकोनी आकाराचे असून त्याच्या कुशीत मजकुराच्या ओळी बसविल्या आहेत. पुढच्याच उजव्या पानावर, त्याच जागी, तीच फांदी पुन्हा येते. मात्र आता मांजर विरत चालले आहे आणि हास्य तेवढे ठळक आहे. वाचणाऱ्या मुलाने मधले पान उचलले की मांजर अदृश्य होते, खाली ठेवले की परत येते. कथेतील चमत्कार येथे मुलाच्या बोटांनी घडतो. लेखकाने वर्णन केले, चित्रकाराने रेखाटले, पण मांजराला प्रत्यक्ष नाहीसे केले ते पानाच्या रचनेने.

दुसऱ्या पुस्तकातील योजना याहूनही सुंदर आहे. ॲलिस शेकोटीवरच्या फळीवर चढते आणि आरशाच्या काचेत शिरते. तिची पाठमोरी आकृती आत जाताना दिसते ती कागदाच्या एका बाजूस. पान उलटताच त्याच कागदाच्या पाठीवर ती आरशातून बाहेर पडताना समोरून दिसते, आणि मघाच्या घड्याळाला आता हसरा चेहरा फुटलेला असतो. आरसा म्हणजे हा कागदच. ही दोन चित्रे शेजारी शेजारी किंवा चार पानांच्या अंतराने छापली, तर एक रेषाही न बिघडता सारा अर्थ नाहीसा होतो. असंख्य पुनर्मुद्रणांत नेमके हेच घडले आहे. चित्रे टेनिअलची, मजकूर कॅरलचा, आणि तरीही पुस्तक त्या दोघांचे नव्हे!

अशी रचना सहज हाती लागत नाही. पुस्तकाचा खर्च कॅरलने स्वतः सोसला होता. बांधणीला भडक लाल कापड हवे, कारण मुलांच्या डोळ्यांना तेच अधिक भावेल, असा आग्रहही त्याने प्रकाशकाकडे धरला. १८६५ साली ऑक्सफर्ड येथे दोन हजार प्रती छापल्या गेल्या तेव्हा चित्रांची छपाई नीट उठली नाही अशी टेनिअलने तक्रार केली, आणि कॅरलने ती आवृत्ती मागे घेऊन दुसऱ्या छापखान्यात पुस्तक नव्याने छापविले. चित्रांच्या छपाईखातर लेखकाने स्वतःच्या पैशाने छापलेली अख्खी आवृत्ती बाजूला सारावी, हे धाडस आमच्या परिचयाच्या कोणत्या लेखकाकडून होईल याची आम्हांस शंका आहे.

उलट बाजूने चित्रकारही लेखनात हात घालीत असे. दुसऱ्या पुस्तकात टोप घातलेल्या गांधीलमाशीचा एक भाग होता. जून १८७० मध्ये टेनिअलने पत्र लिहून कळविले की या भागात त्याला मुळीच रस वाटत नाही आणि याचे चित्र कसे काढावे हे सुचत नाही. कॅरलने तो भाग गाळला. त्याची मुद्रिते थेट १९७४ साली लिलावात पुढे आली. त्याच पत्रातील दुसऱ्या सूचनेमुळे, आगगाडीचा डबा उसळतो तेव्हा ॲलिसच्या हाती म्हातारीचे केस न येता बोकडाची दाढी आली. टोपीवाल्याच्या टोपीवर लावलेली दहा शिलिंग सहा पेन्सची चिठ्ठी तर मजकुरात कोठेच नाही. ती एकट्या चित्राने सांगितलेली गोष्ट आहे. उलट ग्रिफिन हा प्राणी कसा असतो हे ठाऊक नसेल तर चित्र पाहा, असे सांगून कॅरल वर्णनातून सरळ अंग काढून घेतो. जे चित्राने सांगावयाचे ते शब्दांनी सांगू नये, हा संयम मोठमोठ्या लेखकांनाही साधत नाही.

टेनिअलची चित्रे निर्दोष आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्याची ॲलिस बरीच ताठर आहे. तिच्या मुद्रेवर आश्चर्य, भय आणि कंटाळा यांत फारसा भेद उमटत नाही. कॅरलनेही तिच्या डोक्या-पायांच्या प्रमाणाबद्दल नाराजी व्यक्त केली होती. १९०७ साली पहिल्या पुस्तकाच्या कॉपीराइटची मुदत संपली आणि इंग्लंडात नव्या सचित्र आवृत्त्यांचा पूर आला. त्यांतील आर्थर रॅकमची ॲलिस हाडामासाची, हळवी मुलगी आहे आणि त्याची झाडे तर न विसरण्याजोगी. मात्र रॅकमची रंगीत चित्रे स्वतंत्र पानांवर येतात. आपण वाचन थांबवितो, चित्र न्याहाळतो, मग पुन्हा वाचू लागतो. चित्रसंग्रह म्हणून ते पुस्तक श्रेष्ठ ठरेल. मुलाच्या हाती आम्ही मात्र टेनिअलचेच देऊ, आणि तेही मूळ पानरचनेसह.

खुद्द कॅरललाही हे तोलून धरणे प्रत्येक वेळी साधले नाही. पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी त्याने ‘द नर्सरी ॲलिस’ हे पुस्तक केले. टेनिअलची वीस चित्रे मोठी करून रंगविली. १८८९ साली छापलेल्या दहा हजार प्रती फारच भडक झाल्या म्हणून त्याने नाकारल्या, आणि पुस्तक १८९० साली बाजारात आले. यात निवेदक सतत चित्राकडे बोट दाखवितो: हे पाहिलेस का, ते पाहिलेस का? दहा मिनिटांत मुलाला गोष्टीऐवजी तपासणी चालल्यासारखे वाटू लागते. एका ठिकाणी मात्र कॅरल मुलाला पानाचा कोपरा उचलून पाहावयास सांगतो, म्हणजे मांजराच्या जागी केवळ हास्य दिसेल. पंचवीस वर्षांपूर्वीची युक्ती त्याने येथे उघड करून सांगितली. मोठ्यांना ती यापूर्वी किती उमगली होती कोण जाणे!

आपल्याकडील स्थितीकडे वळताना हे सर्व मनात ठेवणे इष्ट आहे. बाजारात येणाऱ्या मुलांच्या मराठी पुस्तकांत रंगांची कमतरता उरलेली नाही. कागदही पूर्वीपेक्षा चांगला आहे. तरी पुष्कळ पुस्तके पाहून असे दिसते की मजकूर आधी जुळविला गेला, चित्रे नगावर मागविली गेली आणि उरलेल्या जागांत ती भरली गेली. लेखक आणि चित्रकार एकमेकांना कधी भेटले असतील अशी खूण त्यांत आढळत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत ही खूण पानोपानी आढळते याचे एक कारण उघड आहे: लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच. रंग हा तर या बाबतीत निमित्तमात्र होय. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’साठी (१९३०) नंदलाल बसू यांनी लिनोवर कोरलेली चित्रे काळ्या शाईचीच आहेत, आणि अक्षराचा काळेपणा व चित्राचा काळेपणा एकमेकांस इतके सांभाळून घेतात की रंगाची आठवणही होऊ नये.

भाषांतरात ही अडचण दुप्पट होते. मराठी वाक्य इंग्रजीइतक्याच ओळींत मावेल असे नाही. शिवाय देवनागरी अक्षराच्या डोक्यावर रेघ, तिच्याही वर वेलांटी-मात्रा आणि पायाशी उकार. त्यामुळे ओळींत अंतर अधिक सोडावे लागते. पहिल्या पुस्तकात उंदराची कहाणी शेपटीच्या आकारात, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या टायपात छापली आहे. तेवढ्या बारीक टायपात आपले उकार आणि रफार गुदमरून जातील. मांजराची दोन चित्रे एकाआड एक उजव्या पानांवर यावीत, आरशाची दोन चित्रे एकाच कागदाच्या दोन बाजूंस पडावीत, यासाठी भाषांतरकाराला येथे चार ओळी आवराव्या आणि तेथे दोन वाढवाव्या लागतील, आणि तेही चित्रकार व जुळारी यांच्या शेजारी बसून. फोनच्या पडद्यावर ही सोयही राहत नाही. तेथे मजकूर वरून खाली सरकत राहतो, आणि ज्याच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे असा कागदच तेथे नसतो.