वाड्यांतील अलंकरण, पुणे
पेशवेकालीन पुण्यातील वाड्यांत सागवानी सुरूदार खांब, त्यांवरील महिरपी व केळफुले आणि दिवाणखान्यांतील भित्तिचित्रे हे अलंकरणाचे प्रमुख प्रकार होत. नाना फडणीसांच्या नाना वाड्यातील (१७८०) दिवाणखाना आणि दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबाग वाड्याचा कोरीव सज्जा ही त्यांची उत्कृष्ट उदाहरणे. विश्रामबाग वाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत जळाला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी व १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेला पूर यांमुळे अनेक वाडे जीर्ण वा नामशेष झाले. तथापि उरलेल्या वाड्यांतील अलंकरणाची खरी हानी दुरुस्तीनेच केली. कोरीव लाकडावर तैलरंगाचे थर चढले. चित्रे चुन्याखाली गेली. ही चित्रे सुक्या गिलाव्यावर रंगविलेली असल्याने चुना खरवडताना मूळ रंगही निघून येतो. राजा केळकर संग्रहालयाने अनेक कोरीव दरवाजे वाचविले, हे त्याचे मोठेच कार्य. परंतु चौकातून येणाऱ्या मंद उजेडासाठी घडविलेले काम वाड्याबाहेर अर्धेच उमगते. खाजगी वाडा पाडताना तर खांब व महिरपी सुट्या विकल्या जातात आणि त्यांच्या मूळ मांडणीची मोजमापेही बहुधा घेतली जात नाहीत.